बोट दिलं की मनगट? कॅटलोनियाचं उदाहरण नीट वाचलं तर

“प्रदेशांना स्वायत्तता देणं म्हणजे बोट दिलं की मनगट धरतात, तसं. स्पेनने २००६ मध्ये कॅटलोनियाला स्वतःची घटना दिली, राष्ट्र म्हणून मान्यता दिली. ११ वर्षांत ते फुटून निघाले. शेवटी १५५ कलम लावून स्वायत्तता रद्द करावी लागली.” या अर्थाचा मजकूर बराच फिरतो. (कॅटलोनिया म्हणजे स्पेनचा ईशान्येकडचा, कॅटलान भाषा बोलणारा प्रदेश.) सालं बरोबर आहेत, कलमाचा आकडाही बरोबर आहे (केंद्राला प्रदेशाचा कारभार हाती घेऊ देणारं हे स्पेनच्या घटनेतलं कलम). गडबड उरलेल्या भागात आहे.

“स्वतःची घटना दिली.” २००६ मध्ये मिळाला तो ‘स्वायत्तता कायदा’, म्हणजे प्रदेशाचे अधिकार ठरवणारा, स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेखालचा कायदा. मसुदा प्रादेशिक संसद करते. माद्रिदची संसद त्याला कात्री लावते आणि कनिष्ठ सभागृहातल्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा होकार लागतो. कॅटलोनियात त्यानंतर लोकांचं सार्वमतही झालं. मंजूर झालेला कायदा दोघांपैकी कोणालाच एकट्याने बदलता येत नाही. याला देणगी कशी म्हणणार? हा करार आहे, आणि तो नाकारताही येतो. स्पेनच्याच बास्क प्रदेशाच्या संसदेने असाच एक मसुदा पाठवला होता. फेब्रुवारी २००५ मध्ये माद्रिदच्या कनिष्ठ सभागृहाने तो ३१३ विरुद्ध २९ मतांनी परत धाडला. मनगट धरू द्यायचं की नाही, हे ठरवायची सोय त्या पद्धतीतच आहे.

“राष्ट्र म्हणून मान्यता दिली.” कॅटलान संसदेने पाठवलेल्या मसुद्यात पहिल्याच कलमात ‘राष्ट्र’ हा शब्द होता, हे खरं. माद्रिदमधून मसुदा बाहेर पडला तेव्हा पहिल्या कलमात ‘राष्ट्रीयत्व’ उरलं होतं, म्हणजे घटनेच्या २ ऱ्या कलमातलाच शब्द. ‘राष्ट्र’ गेलं प्रास्ताविकेत, तेही ‘कॅटलोनियाच्या संसदेने अशी व्याख्या केली आहे’ एवढ्याच रूपात. पुढे घटना न्यायालयाने त्या उल्लेखाला कायदेशीर परिणाम नाही, असंही सांगून टाकलं. स्पेनच्या दक्षिणेतल्या अंदालुसिया प्रदेशाच्या २००७ च्या कायद्याच्या प्रास्ताविकेत ‘राष्ट्रीय वास्तव’ असे शब्द आहेत. अंदालुसिया कुठेही निघालेली नाही.

आता मुख्य आरोप: स्वायत्ततेमुळेच फूट पडली. इथे मधली चार वर्षं गाळली जातात. १८ जून २००६ ला कॅटलोनियात सार्वमत झालं. मतदान जेमतेम ४९ टक्के, त्यातले सुमारे ७४ टक्के बाजूने. कायदा लागू झाला, कारभार सुरू झाला. आणि २८ जून २०१० ला घटना न्यायालयाचा निकाल आला: १४ कलमं पूर्ण किंवा अंशतः घटनाबाह्य, आणखी २७ कलमांचा अर्थ न्यायालय सांगेल तसाच लावायचा. भाषेच्या ६ व्या कलमात कॅटलान ही कारभाराची ‘नेहमीची आणि प्राधान्याची’ भाषा होती. त्यातलं ‘आणि प्राधान्याची’ गेलं. एवढंसं खोडलं, असं बाहेरून वाटतं. पण ज्या मजकुरावर आपण मत दिलं, त्यात मत दिल्यानंतर न्यायाधीशांनी पेन चालवलं, हे तिथल्या लोकांनी पाहिलं. १० जुलैला बार्सिलोनात प्रचंड मोर्चा निघाला. पुढच्या वर्षांत आर्थिक मंदी आणि खर्चकपातीने आगीत तेल ओतलं. सगळं खापर निकालावर फोडणंही चुकीचंच. पण स्वायत्तता ‘जास्त झाली’ म्हणून हे घडलं, असं या क्रमातून निघत नाही.

उलट उदाहरण हवं असेल तर इटलीतलं दक्षिण टायरॉल पाहा. १९४८ च्या स्वायत्ततेने हा पूर्वी ऑस्ट्रियात असलेला जर्मनभाषक प्रांत शेजारच्या ट्रेंटो प्रांतासोबत एका प्रदेशात बांधला. त्या प्रदेशात बहुमत इटालियन भाषकांचं, म्हणून सत्ताही त्यांच्याच हाती. १९५७ च्या मोठ्या सभेतली घोषणा ‘ट्रेंटोपासून सुटका’ अशी होती, रोमपासून नव्हे. ती ऐकली गेली नाही, आणि १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे डझनावारी मनोरे बॉम्बने उडवले गेले. १९७२ च्या दुसऱ्या कायद्याने अधिकार थेट बोल्झानो (म्हणजेच दक्षिण टायरॉल) आणि ट्रेंटो या दोन प्रांतांकडे आले. ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रांत नेलेला हा वाद १९९२ मध्ये रीतसर मिटला. प्रांत आजही इटलीतच आहे.

“स्वायत्तता रद्द करावी लागली.” नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅटलान संसदेने स्वातंत्र्य जाहीर केलं, पण ते अमलात आलं नाही. १५५ व्या कलमाखाली कॅटलान सरकार बरखास्त झालं, संसद विसर्जित झाली आणि २१ डिसेंबरला निवडणूक झाली. जून २०१८ मध्ये नवं प्रादेशिक सरकार आलं आणि माद्रिदचा ताबा संपला. २००६ चा कायदा या सगळ्या काळात होता तिथेच होता.

दोष काढायचाच तर क्रमाचा काढा. कायदा आधी न्यायालयात तपासून मग लोकांपुढे न्यायची सोय स्पेनमध्ये पूर्वी होती. विरोधक ती कायदे अडवायला वापरतात म्हणून १९८५ मध्ये ती काढून टाकली. स्वायत्तता कायद्यांपुरती ती परत आणली सप्टेंबर २०१५ मध्ये, कॅटलोनियाच्या सार्वमताला नऊ वर्षं उलटल्यावर.