व्हाळ लाल, अहवाल मात्र स्वच्छ!

आमच्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी तपासायला माणूस येतो तो नेमका उघडीप असेल त्या दिवशी! गोव्यात, आमच्या डिचोलीत पाऊस कसा कोसळतो हे काय आम्ही सांगायला हवं? रात्रभर लागला की खाणीच्या डंपाची, उपसून रचलेल्या ढिगाची, माती धुऊन सगळी व्हाळात, पाणी लालभडक, खाली शेताच्या तोंडाशी बोटभर गाळ. त्या सकाळी बाटली घेऊन कोणी फिरकत नाही. चार दिवसांनी ऊन पडतं, पाणी निवळतं, मग साहेब जीपमधून उतरतात, बूटही न भिजवता एक बाटली भरतात आणि कागदावर लिहितात : 'ऑगस्ट, पावसाळी हंगाम'. तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत. असणारच की! जानेवारी, एप्रिल-मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. वर्षाला चार बाटल्या, झाला व्हाळ पास.

विहिरींचं तर विचारूच नका. खाणीचा खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की तो कोरडा ठेवायला रात्रंदिवस पंप चालतात. आजूबाजूचं पाणी तिकडे ओढलं जातं. आमच्या विहिरीला मे संपेपर्यंत पाणी असायचं, आता मार्चातच तळ दिसतो. आणि पातळी मोजतात कुठे, तर लांब नदीकाठच्या विहिरीत, जी आजोबांच्या काळापासून कधी आटलीच नाही! खाणीच्या कुंपणाजवळ एक पिझोमीटर आहे, भूजलाची पातळी मोजायची नळी, त्याला कुलूप. किती खोल आहे विचारलं तर 'हेड ऑफिसला विचारा'. अहो, इथे वर जांभा, मध्ये चिकणमाती, त्याखाली भुसभुशीत खनिज. थराथराला पाण्याची पातळी वेगळी. थर न सांगता नुसता आकडा देणं म्हणजे ताप किती ते सांगायचं आणि कुणाला ते सांगायचं नाही.

पंपाने रोज किती पाणी उपसलं, पाऊस किती पडला, विहीर किती उतरली, हे तीन आकडे शेजारी शेजारी लावा. शाळेतलं पोरही सांगेल काय चाललंय. म्हणूनच लावत नाहीत.

सगळ्यात डोकं फिरतं ते यावर : २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. पंप बंद असताना पाणी कुठवर चढतं हे मोजायची याहून चांगली संधी कुठली? आमच्या वाड्यावर टेप घेऊन कुत्रंसुद्धा आलं नाही. आणि आता तक्रार केली की आम्हालाच विचारतात, 'आधीची पातळी किती होती, पुरावा द्या.'

यंदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मीच बाटल्या भरल्या, वर तारीख-वेळ लिहिली, ऑफिसात नेल्या. म्हणे, 'हा अधिकृत नमुना नाही.' मग या ना तुमची अधिकृत बाटली घेऊन! व्हाळ फुगला की रात्री दोनला फोन करतो, उचला तेवढा.