माहेरी जाताना लेकराची झोपायची जागा

फेब्रुवारीतली गोष्ट. नात्यातलं लग्न, गाव अचलपूरकडचं, घर पाव्हण्यांनी भरलेलं. माझी लेक तेव्हा सहा आठवड्यांची होती. आम्ही बायका-लेकरं अकराजण एका खोलीत, खाली सतरंज्या आणि त्यावर ओळीनं गाद्या. लेकीला भिंतीकडून घे, तिकडं ती दबणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही तसंच केलं. रात्री तीनच्या सुमारास जाग आली. शेजारच्या मावशींची वाकळ सरकत सरकत तिच्या तोंडावर आली होती आणि ती स्वतः गादी आणि भिंत यांच्या फटीत अर्धी उतरली होती. रडली नव्हती, हललीही नव्हती. मी वाकळ ओढली, छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता. एवढ्याशा लेकराला तोंडावरचं पांघरूण बाजूला करता येत नाही. सकाळपर्यंत तिला मांडीवर घेऊन मी भिंतीला टेकून बसले.

त्यात मावशींची काही चूक नव्हती. त्या दिवसभर राबून गाढ झोपल्या होत्या. पण त्या रात्रीनंतर मी ठरवलं, की कुठंही मुक्कामाला गेलो तरी लेकीची झोपायची जागा वेगळी असेल, माझ्या हाताच्या अंतरावर असेल आणि ती आम्ही सोबत नेऊ. घडीचा पाळणा घेतला. आता बऱ्याचजणी मेसेज करून विचारतात, कोणता घेऊ? नावं मी सांगणार नाही, कारण बाजारात रोज नवीन येतात. घेताना काय बघायचं ते सांगते.

सगळ्यात आधी तो 'पलंगाला लावायचा' प्रकार. इंटरनेटवर बेडसाइड क्रिब म्हणून जे दिसतं त्याची एक बाजू उघडी असते आणि तो पट्ट्यांनी पलंगाला घट्ट बांधायचा असतो. आईचा हात सरळ लेकरापर्यंत पोचतो, उठावं लागत नाही, कल्पना खरंच चांगली आहे. पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं. घरात पलंग आहे, त्यावर जाड सपाट गादी आहे आणि तिची उंची पाळण्याच्या गादीशी जुळते. आमच्याकडं सासरी दर्यापूर तालुक्यात दिवाण आहे, माहेरी साकोलीकडं नवारीची बाज आहे. बाज मधे खोलगट होते, तिची लाकडी चौकट मात्र वर राहते. उघड्या बाजूचा पाळणा बाजेला लावला, की दोघांच्या मधे फट पडते किंवा पायरी तयार होते. माझी लेक फटीतच उतरली होती, हे मी विसरू शकत नाही. सोबत न्यायचा पाळणा चार-पाच वेगवेगळ्या घरी जाणार, प्रत्येक घरची बाज वेगळी. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, खेड्यापाड्यात फिरणाऱ्यांनी चारही बाजू पूर्ण उंच असलेला, आपल्या पायावर उभा राहणारा पाळणा घ्यावा आणि तो बाजेला खेटून ठेवावा. रात्री दोनदा उठून उचलावं लागतं. तेवढं उठावं.

दुसरं, गादी सपाट आणि टणक हवी. इथं आमच्या आजेसासूबाईंचं मन मोडावं लागलं, म्हणून हे लिहिताना जड जातं. त्यांनी घरच्या कापसाची गादी स्वतः भरून घेतली होती, सोबत राईची उशी, डोकं गोल व्हावं म्हणून. पाळणा उघडला तेव्हा त्या म्हणाल्या, "लेकराले असं पिंजऱ्यात कायले ठेवतं वं पोरी? अन् फळीसारखी गादी! टोचन ना तिले." त्यांचं प्रेम खरं आहे. पण मऊ गादीत लेकराचं तोंड रुततं, सोडलेलाच श्वास परत आत जातो आणि एवढ्या लहान जिवाला तिथून डोकं उचलता येत नाही. गादी तपासायला मी पंजा दाबून बघते. हात काढल्यावर खड्डा राहिला तर ती गादी लेकरासाठी नको. पाळण्यासोबत जी येते तीच वापरायची, वर दुसरी टाकायची नाही, कारण कडेला फट पडते. गादी आणि बाजू यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. आजींची गादी आता मी दूध पाजताना पाठीशी घेते. त्यांना ते बघून बरं वाटतं. राईची उशी मात्र कपाटातच आहे.

उतार असलेल्या वस्तूंबद्दल तर मी हात जोडून सांगते. ऑनलाइन दुकानांत डोक्याकडून उंच असलेले झुलते, रॉकर, बाऊन्सर 'शांत झोपेसाठी' म्हणून दाखवतात. अमेरिकेत अशाच उतरत्या झुल्यांचे सुमारे ४७ लाख नग २०१९ मध्ये परत मागवावे लागले, कारण त्यात तीसहून जास्त लेकरं दगावल्याची नोंद झाली होती. पुढं २०२२ मध्ये तिथं कायदाच झाला आणि १० अंशांपेक्षा जास्त उताराची झोपायची साधनं विकायला बंदी आली. कारण समजायला सोपं आहे. तान्ह्याचं डोकं जड, मान कच्ची. उतारावर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दुमडते. आवाजही होत नाही. आपल्या साडीच्या झोळीतही लेकरू असंच वाकून बसतं. मी स्वतः झोळीत वाढले, माझी आई वावरात निंदायला जायची तेव्हा बाभळीला झोळी बांधायची, तिच्यापुढं दुसरा पर्याय नव्हता. कोणी समोर बसून झोका देत असेल तर निराळं, पण रात्रभर झोळीत ठेवून सगळ्यांनी झोपून जाणं, हे मला पटत नाही.

आणि पाठीवर झोपवायचं. पोटावर किंवा कुशीवर टाकायचं नाही. आमच्या आशाताई ४२ व्या दिवशी शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा त्यांनी हे दोनदा बजावलं. (३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशा घरी येऊन बाळ बघते, या पद्धतीमागं आपल्याच गडचिरोलीतलं काम आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. विदर्भाच्या लेकींना हे माहीत असावं.) आई विचारत होती, पाठीवर असताना दूध वर आलं तर ठसका लागेल ना? उलट पाठीवर असताना श्वासनळी अन्ननळीच्या वरच्या बाजूला येते, वर आलेलं दूध सहसा परत खाली जातं. अमेरिकेत १९९४ मध्ये 'पाठीवर झोपवा' अशी मोठी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. दुपट्यात घट्ट गुंडाळायची सवय असेल तर लेकरू कूस वळवायला बघू लागताच ती बंद करायची. काळा दोरा, ताईत गळ्यात असेल तर रात्री काढून ठेवायचा. पाळण्यावरच्या चिमण्यांचं लटकन दिवसा खेळायला ठीक आहे, झोपताना काढायचं.

आता आपल्या भागाचं बोलते, कारण हे कुठल्याच दुकानदारानं मला सांगितलं नाही.

मे महिन्यात आम्ही माहेरी गेलो. अमरावती, नागपूर, भंडारा करत साकोली, जवळपास ३०० किलोमीटर. त्या उन्हात पाळण्याच्या चारही बाजूंना जाळी असणं किती कामाचं, ते कळलं. जाड कापडी बाजूंच्या पाळण्यात हवा खेळत नाही. उजेड नको म्हणून वरून ओढणी टाकायची सवय तर अगदी सोडा, आत भट्टी होते. अंगात एक पातळ सुती झबलं पुरे. लेकरू तापलं की नाही हे हातापायांना हात लावून कळत नाही, मानेमागं किंवा छातीवर हात ठेवून बघायचं. घाम असेल तर कपडा कमी करायचा. कूलरचा झोत थेट अंगावर नको, आणि कूलरपासून पाळणा लांब हवा. दर उन्हाळ्यात आपल्याकडं कूलरचा शॉक लागून माणसं जातात आणि घडीच्या पाळण्याचा सांगाडा बहुतेक लोखंडी नळ्यांचा असतो. वायर, चार्जर, पडद्याची दोरी, काहीही लेकराच्या हाताला लागेल असं नको.

जुलैत रोवणीच्या वेळी पुन्हा गेले तेव्हा काळजी वेगळी होती. धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात मण्यार साप घरात शिरतो. तो रात्रीच फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंश इतका बारीक असतो की कधी कधी कळतही नाही. म्हणून लेकराला जमिनीवर अंथरूण टाकून झोपवायचं नाही, हे माझ्या आईचं म्हणणं शंभर टक्के खरं. माझ्या पाळण्याला दोन उंच्या आहेत. लहानपणी गादी वरच्या टप्प्यावर असते, जमिनीपासून दोन-अडीच फूट. पण लेकरू हातावर जोर देऊन उठायला लागलं की तो टप्पा लगेच काढावा लागतो, नाहीतर ते वरून पडेल. माझी लेक त्याच महिन्यात हातावर उठू लागली. मग गादी खाली केली, पाळणा सारवलेल्या सपरीतून, म्हणजे पडवीतून, उचलून आतल्या फरशीच्या खोलीत ठेवला आणि सगळ्यात मोठी मच्छरदाणी आणून बाज आणि पाळणा दोन्ही एकाच दाणीखाली घेतले. कडा चटईखाली दाबल्या. जाळी तिच्या हाताला लागणार नाही इतकी लांब. झोपायच्या आधी टॉर्च मारून गादीखाली, पाळण्याच्या खाली बघणं हे दादाचं रोजचं काम झालं. पाळणा उंच करायचा म्हणून कोणी दिवाणावर ठेवू नका. एकीनं तसा फोटो पाठवला होता, मी तिला लगेच फोन केला.

सारवलेल्या जमिनीवर पाय डुगडुगतात, हे दुकानाच्या टाइल्सवर कळत नाही. घेताना वरून दाबून, हलवून बघा. चाकं असतील तर त्यांना ब्रेक हवा. दांड्यांचा लाकडी पाळणा असेल तर दोन दांड्यांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग निसटून डोकं अडकतं.

घडीच्या पाळण्याचा जीव त्याच्या लॉकमध्ये आहे. उघडल्यावर चारही कडा 'टक' वाजून बसल्या पाहिजेत, आणि वरून जोर देऊन दाबलं तरी सुटता कामा नयेत. १९९८ मध्ये शिकागोत एका सांभाळणाऱ्या बाईंच्या घरी असा पाळणा मधूनच घडी झाला आणि दीड वर्षाच्याही आतलं लेकरू वरच्या कडांच्या बेचक्यात मान अडकून गेलं. तो पाळणा पाच वर्षं आधीच, १९९३ मध्ये, परत मागवलेला होता. त्या घराला ते कळलंच नव्हतं. हे वाचल्यावर मी दोन रात्री नीट झोपले नाही. म्हणून कोणी जुना पाळणा दिला तर मॉडेलचं नाव शोधून तो परत मागवलेला तर नाही ना ते बघा, सगळे स्क्रू आणि नळ्या बघा, जाळी फाटली असेल तर घेऊ नका. तार गुंडाळून दुरुस्त केलेलं लॉक तर मुळीच नको.

वजनही बघा. माझा नऊ किलोचा आहे. गाडीत ठीक, पण एसटीत एका हातात लेकरू घेऊन चढायचं तर सोबत माणूस लागतो. एकटीनं प्रवास करणाऱ्यांनी पाच-सहा किलोचा बघावा. आणि चालत्या गाडीत तो उघडायचा नाही. कारमध्ये लेकरासाठी वेगळी सीट लागते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेलं तर १००० रुपये दंड आहे. पण घरी पोचल्यावर त्या सीटमध्येच झोपू द्यायचं नाही, तिथंही मान वाकते.

मला माहीत आहे, सहा-सात हजार रुपये प्रत्येक घरात नसतात. कापसाला भाव नसलेल्या वर्षी आमच्याही नसते. पाळणा विकत घेतलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार आईला लेकराचे कपडे पुठ्ठ्याच्या खोक्यात देतं, तळाशी लहानशी गादी असते, आणि कित्येक लेकरं पहिले महिने त्या खोक्यातच झोपतात. सपाट, टणक, मोकळी, आईजवळची जागा एवढंच हवं. घरचा लाकडी पाळणा असेल तर बूड सपाट आहे का बघा, दोर आणि कड्या बघा, झोका थांबवून ठेवा. लेकराला कुशीत घेऊनच झोपावं लागत असेल तर निदान उशा, वाकळा त्याच्यापासून लांब ठेवा, भिंतीकडं टाकू नका, आणि घरात कोणी पिऊन आलेला किंवा विडी ओढणारा असेल तर त्याला त्या अंथरुणावर येऊ देऊ नका. हे बोलायला अवघड जातं, पण घराघरात आहे, म्हणून बोलते.

आजेसासूबाईंचं 'पिंजरा' म्हणणं आता बंद झालंय. परवा रात्री लाइट गेली, मी उठून बघते तर त्या पाळण्याच्या जाळीला हात लावून बसल्या होत्या, दुसऱ्या हातात पंखा. म्हणाल्या, "झोप तू. म्या पाह्यतो तिच्याकडे."

दिवाळीत पाळणा नणंदेकडं जाणार आहे, तिला नववा महिना लागेल. त्याआधी चारही लॉक उघडून साफ करणार आहे आणि मॉडेलचा नंबर असलेलं लेबल त्याला तसंच ठेवणार आहे. कोणाला लॉक कसं तपासायचं ते बघायचं असेल तर सांगा, रविवारी व्हिडिओ काढून टाकते.