नवी गाडी घेतली? मग तशीच ठेवू नका

अभिनंदन, भाऊ! गाडी दारात आली. एक लिटरचं टर्बो इंजिन, १२० पीएसची ताकद, बंपरला लाल पट्टा, मागे दोन नळ्यांचा सायलेन्सर. चाकाखाली लिंबं ठेवून झाली, पेढे वाटून झाले, शिरपूरचे मामा "कितलाले पडनी?" विचारून गेले. आता एकच काम उरलं. कंपनीच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं खपून जे जुळवलं, ते सगळं उस्कटायचं.

कंपनीतून आली तशी गाडी वापरणं हा मालकाचा अपमान आहे. संध्याकाळी जळगावच्या काव्यरत्नावली चौकात तुमच्यासारख्याच चार गाड्या उभ्या दिसतात. त्यातली तुमची कोणती, हे लांबून कळलं पाहिजे. जवळून कळायची गरज नाही. जवळ कोणी येतच नाही, कानठळ्या बसतात.

सुरुवात हवेपासून करा. कंपनीने इंजिनाला हवा पुरवायला एक बंद काळी डबी दिलेली असते, बंपरच्या पुढून बाहेरची त्यातल्या त्यात गार हवा ओढणारी. ती काढा आणि तिच्या जागी बॉनेटच्या आत, तापलेल्या इंजिनाच्या कुशीत, उघडा शंकूसारखा फिल्टर बसवा. त्याला 'कोल्ड एअर इंटेक' म्हणतात. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा बॉनेटखालच्या हवेला कोल्ड म्हणायला छातीच लागते. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत ऑक्सिजन कमी, ऑक्सिजन कमी म्हणजे ताकद कमी. आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जीव वाचवायला ठिणगी उशिरा टाकतो, ते वेगळंच. पण गिअर बदलताना 'फुस्स' असा जो आवाज येतो ना, पैसे त्याचेच आहेत. वर आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ टर्बोपर्यंत थोडी मोकळेपणाने जाते. आपलीच माती, तिला कशाला अडवायचं?

त्यानंतर सायलेन्सर. इथे घाई करू नका, हा कार्यक्रमाचा गाभा आहे. एक्झॉस्टच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा थर दिलेला असतो. धुरातला विषारी वायू त्यावरून जाताना निवळतो. ज्या जळगावात सोनं घ्यायला लांबलांबून माणसं येतात, कसाला उतरलेल्या तोळ्यावर घासाघीस करतात, त्याच जळगावात तुम्ही हा प्लॅटिनमचा डबा ग्राइंडरने कापून घ्यायचा, कापणाऱ्याला मजुरी द्यायची आणि डबा त्याच्याच दुकानात विसरून यायचं. पुन्हा चौकशी करायला जाऊ नका, बरं दिसत नाही. डब्याच्या जागी सरळ पाइप. डब्याच्या मागचा सेन्सर बिचारा गोंधळतो आणि मीटरवर पिवळा दिवा लागतो, तो विझत नाही. पाहुण्यांना सांगा, स्पोर्ट मोड आहे.

घरच्यांची दाद मात्र लगेच मिळेल याची हमी नाही. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा ओट्यावर बसलेले आप्पा विचारतील, "पोऱ्या, सायलेन्सर फुटी गया का रे?" त्यांना कापूस विकून आलेल्या पट्टीतून किती गेले ते सांगू नका. आकडा ऐकून ते खरोखर विचारतील की इतक्यात नवा नसता का आला.

काही भित्री माणसं कायद्याचं काढतील. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी पुस्तकात कंपनीचा जो तपशील आहे, त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावलं. दंड? कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा बदलामागे पाच हजार, किंवा दोन्ही. 'बदलामागे' हे नीट वाचा. तुमच्या गाडीत बदल मोजायला पोलिसाला दुसरी वही लागावी, इतकं तरी ध्येय ठेवा. आवाज आणि धुराचे दहा हजारांपर्यंत निराळे. काचांना काळी फिल्म २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. तरी लावाच. आत कोण बसलंय हे दिसू नये म्हणून फिल्म, आणि कोण आलंय हे गावाला कळावं म्हणून सायलेन्सर, असा तोल साधतो. विमा कंपनीला यातलं काही कळवायचं नाही. क्लेमच्या दिवशी सर्वेअरला एकदम सरप्राइज द्यायचं.

आता गाडी खाली बसवा. चांगले शॉक-स्प्रिंग महाग पडतात, म्हणून मूळ स्प्रिंगचेच दीड-दोन वेढे कापून घ्या. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खडा नावानिशी ओळखता येतो. सोबत मोठी अलॉय चाकं हवीतच. १९५/५५ आर १६ मापाचं टायर काढून २०५/४५ आर १७ टाकलं की टायरची भिंत १०७ मिलिमीटरवरून ९२ वर येते. खड्डा आणि रिम यांच्यात उगाच इतकं रबर कशाला? थेट ओळख होऊ द्या.

अशी गाडी चोपड्याकडे गावी न्यायची तर एक सोहळा असतो. वाटेतल्या गावकऱ्यांनी स्वतः घातलेला गतिरोधक आला की थांबायचं. चारही मित्रांना उतरवायचं. एकाने रस्त्यावर उकिडवं बसून गाडीखाली पाहायचं, दुसऱ्याने पुढून हात हलवायचा: "ये, ये, डावं कर, डावं… बस बस बस!" गाडी तिरपी, एकेक चाक चढवत, गोगलगाईला लाज आणील अशा वेगाने न्यायची. मागे केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर धूर सोडत उभा असतो. वाट मोकळी झाल्यावर तो न थांबता गतिरोधक पार करतो आणि तुम्हाला ओव्हरटेक करून जातो. ट्रॅक्टरवाला वळून हसला तर मनाला लावून घेऊ नका. त्याच्याकडे १७ इंची अलॉय नाहीत.

स्पॉइलर, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर गाडी खाली दाबणारा डिकीवरचा पंख, विसरू नका. तुमच्या गाडीची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून दाब मागच्या बाजूला द्यायचा. आकाशवाणी चौकाच्या सिग्नलला तो दाब काहीच नसतो, पण चहाचे ग्लास ठेवायला जागा होते. दिवे मात्र जपून निवडा: ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चे बल्ब घातले की होल्डर वितळतो, आणि लळिंग घाटात समोरून येणारा तुमच्या आईची आठवण काढतो. डिकीत सबवूफर बसवला की सामानाची जागा संपते. भरताची वांगी मांडीवर घ्या.

एका गोष्टीपासून मात्र कटाक्षाने लांब राहा. चांगल्या दर्जाचे टायर, ब्रेक पॅड, वेळेवर अलाइनमेंट आणि ऑइल. हे केलं की गाडी खरोखर चांगली पळते, वळते आणि थांबते, पण चौकात कोणाला दिसत नाही. असे पैसे वाया घालवायला आपण काय पुण्याचे आहोत?

काढलेले मूळ पार्ट माळ्यावर ठेवा, कापून गेलेल्यांच्या जागी जुन्या बाजारातून मिळतील ते आणा. वॉरंटीत काम निघालं की आदल्या रात्री सगळे परत बसवायचे, गाडी दाखवून आणायची, दुसऱ्या रात्री पुन्हा काढायचे. गाडी विकतानाही तेच. घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, सगळं कंपनी फिटिंग ना?" तुम्ही मान डोलवायची. व्यवहार ठरला, चावी हातात पडली की तोच पोरगा हळूच विचारेल, "भो, याला आवाजाचा पाइप कुठे बसवून मिळतो?" दुकानाचा पत्ता देऊ नका. तुमचाच माळ्यावर पडलाय ना, थोडं कमी करून त्यालाच लावा.