उमेदवारी हमखास कशी घालवावी

आपल्याकडे उमेदवारी घालवण्यात काही कर्तृत्व नाही. वरून यादी येते, यादीत तुमचं नाव नसतं, एबी फॉर्म भलत्याच्याच खिशात दिसतो आणि तुम्ही संध्याकाळी कार्यकर्त्यांची बैठक बोलावून अपक्ष अर्ज भरता. संपलं. अमेरिकेत पक्षाची उमेदवारी मिळवायलाही आधी मतदारांपुढे उभं राहावं लागतं. तिथे पडायचं तर महिनोन्‌महिने राबावं लागतं, शेकडो माणसं पगारावर ठेवावी लागतात, कोट्यवधी डॉलर जाळावे लागतात. ही विद्या कुणाला मनापासून शिकायची असेल तर त्याने रॉन डिसँटिस यांची रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची 2023-24ची मोहीम गिरवावी.

पहिलं पथ्य म्हणजे उंचावरून सुरुवात करा. खालून पडण्यात मजा नाही. नोव्हेंबर 2022मध्ये डिसँटिस फ्लोरिडाचे गव्हर्नर म्हणून तब्बल 19 टक्क्यांच्या फरकाने पुन्हा निवडून आले. त्याच निवडणुकीत ट्रम्प यांचे कित्येक लाडके उमेदवार इतर राज्यांत आपटले होते. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने पहिल्या पानावर डिसँटिसना पक्षाचं भविष्यच ठरवून टाकलं. अशा वेळी काय करायचं? काहीच करायचं नाही. ट्रम्प आठवड्याभरात रिंगणात उतरतात, तुम्हाला टोपणनावं ठेवतात, जाहिराती लावतात. तुम्ही सहा महिने राज्यकारभारात गढून जायचं. आणि मग 24 मे 2023 उजाडला की इलॉन मस्क यांच्या सोबतीने ट्विटरवर घोषणा करायची. तीही नुसत्या आवाजाची, चेहरा नाही. यंत्रणा कोलमडली, वीसेक मिनिटं लोकांना खरखर आणि शांतता आलटून पालटून ऐकू आली. ज्या माणसाचा सगळा दावा ‘मी ट्रम्पसारखाच, पण कामाला चोख’ असा होता, त्याने याहून नेमका मुहूर्त शोधून दाखवावा!

आता मुख्य विषय, प्रतिस्पर्धी. इथे जरा थांबावं लागेल, कारण खरं कसब इथेच आहे. पुढच्या माणसाला हरवायचं आहे, पण त्याच्या मतदारांना दुखवायचं नाही, म्हणून त्याच्याबद्दल वाईट बोलायचंच नाही. 2018च्या जाहिरातीत डिसँटिस आपल्या चिमुकल्या लेकीला ठोकळ्यांची भिंत बांधायला शिकवत होते आणि बाळाला ट्रम्प यांचं पुस्तक वाचून दाखवत होते. ट्रम्प यांच्या आशीर्वादानेच ते तेव्हा गव्हर्नर झाले. म्हणजे जिथे ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी आहे, त्या दुकानाच्या शेजारीच गाळा घ्यायचा, तोच माल ठेवायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की शेजारचा मालक थोर माणूस आहे, पण खरेदी आमच्याकडे करा. मूळ दुकान बंद असतं तर चाललंही असतं. ते चोवीस तास उघडं होतं.

मार्च 2023मध्ये मॅनहॅटनमध्ये ट्रम्प यांच्यावर आरोप निश्चित झाले. कोणत्याही तालुक्यातल्या पुढाऱ्याला अशी बातमी म्हणजे दिवाळी. डिसँटिसनी आधी एक चिमटा काढला खरा, पण आरोपपत्र येताच जाहीर केलं की ट्रम्पना ताब्यात देण्यासाठी फ्लोरिडा मदत करणार नाही. पुढे ऑगस्टमध्ये मिलवॉकीतल्या पहिल्या वादसभेत प्रश्न आला: ट्रम्प दोषी ठरले तरी त्यांना पाठिंबा देणार का, हात वर करा. डिसँटिसनी आधी डावीउजवीकडे पाहिलं आणि मग हात वर केला. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाची ही जुनी युक्ती व्हाइट हाउसच्या वाटेवर वापरण्याचा मान त्यांचाच. ट्रम्प त्या सभेला आलेच नव्हते.

पैशाचं म्हणाल तर तो स्वतःजवळ ठेवू नका. डिसँटिस यांच्या राज्यातल्या निधीतले 8.25 कोटी डॉलर ‘नेव्हर बॅक डाउन’ म्हणजे ‘माघार नाही’ नावाच्या सुपर पॅककडे गेले. ही संस्था वाटेल तितका पैसा घेऊ शकते, फक्त प्रचाराचे डावपेच उमेदवाराशी बसून ठरवायला तिला कायद्याने मनाई आहे. मग बस संस्थेची, सभा संस्थेची, दारोदार फिरणारी पगारी माणसं संस्थेची, आणि उमेदवार स्वतःच्याच सभेला विशेष पाहुणा! वादसभेपूर्वी काय बोलायचं हे कानात सांगता येईना, म्हणून संस्थेच्या सल्लागार कंपनीने ते कागद चक्क स्वतःच्या संकेतस्थळावर टाकले. शर्यतीतल्या विवेक रामास्वामींवर घणाघात करा, आणि दुसरे स्पर्धक ख्रिस क्रिस्टी यांनी ट्रम्पवर हल्ला केला तर ट्रम्पचा बचाव करा, असं त्यात होतं. ते पत्रकारांनी वाचले, विरोधकांनी वाचले. उमेदवार म्हणाले, मी नाही वाचले. नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थेतल्या बड्यांची गळती सुरू झाली, दुसरी एक समांतर संस्था निघाली आणि मुख्य रणनीतीकार जेफ रो यांनीही राजीनामा दिला. गटबाजीची परंपरा फक्त आपलीच, हा आपला गोड गैरसमज आहे.

आणि पायपीट सोडू नका, ती फार उपयोगी पडते. उमेदवारीसाठी सर्वांत आधी मतदान आयोवात होतं, आणि आयोवात 99 काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत. डिसँटिस सगळ्या फिरले. तिथल्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांचा पाठिंबा मिळवला. 15 जानेवारी 2024च्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत निकाल लागला: ट्रम्प 51 टक्के, डिसँटिस 21. ट्रम्पनी 98 काउंट्या घेतल्या. उरलेली एक शर्यतीतल्याच निकी हेली यांनी एका मताने जिंकली. म्हणजे जिल्हावार दौऱ्याचं फळ शून्य, पण दौऱ्याची छायाचित्रं उत्तम आली.

इतका घाम गाळायचा नसेल तर मायकल ब्लूमबर्ग यांचा मार्ग आहे. या अब्जाधीशाने 2020मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढताना मतदानाची पहिली चार राज्यं सोडूनच दिली, स्वतःचे अब्जभर डॉलर ओतले आणि सुपर ट्यूजडेला, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं त्या मंगळवारी, जिंकलं ते फक्त अमेरिकन सामोआ हे प्रशांत महासागरातलं चिमुकलं बेट. तिथे त्यांना 175 मतं पडली.

बेळगावच्या श्री ठाणेदारांचं मात्र चुकूनही अनुकरण करू नका. 2018मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी त्यांनी सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, वेळी जाहिरात दिली, घरचे पैसे ओतले आणि तिसरे आले. इथवर सगळं शास्त्रोक्त. पण नंतर हा माणूस विधानसभेच्या छोट्या जागेवर उतरला, ती जिंकला आणि 2022मध्ये थेट काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेला. चांगल्या पराभवाची माती केली!

शेवटी माघारीचा कार्यक्रम. आयोवानंतरच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मतदानाला दोन दिवस उरले असताना, 21 जानेवारीला, ‘माघार नाही’वाल्यांचा उमेदवार चित्रफितीत आला, मावळला आणि जाता जाता ट्रम्पना पाठिंबा देऊन गेला. सोबत यश-अपयशावरचं चर्चिल यांचं एक वाक्यही होतं. असं वाक्य निवडताना ते त्या माणसाने खरंच म्हटलं होतं का, हे तपासत बसू नका. चर्चिल यांचे अभ्यासक ते काम फुकटात करतात, आणि इथेही त्यांनी केलंच: असं काही चर्चिल म्हणाल्याची नोंद नाही.