जपानी सणाचा हिरवा बांबू

२०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला, रविवारी आली आणि लगेच सोमवारी, ७ तारखेला, जपानचा तानाबाता. पंचांगाने हे मुद्दाम जुळवून आणलं असं मी म्हणत नाही, पण लेकीच्या शाळेने दोन्ही सण मनावर घेतले. शनिवारी दिंडी, सोमवारी जपान. शनिवारचं निभलं. नऊवारी शिवलेली मिळते आणि प्लास्टिकची तुळस गेल्या वर्षीची होती. सोमवारसाठी मात्र 'हस्तकलेतून परक्या संस्कृतीची ओळख' असं कळवण्यात आलं. सीनियर केजीतली हस्तकला म्हणजे हस्त आईबापांचे, कला बाईंची आणि फोटोत मूल.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सामानाची यादी आली. घोटीव कागद, लोकरीचा दोरा, फेविकॉल, बोथट कात्री. हे सगळं अप्पा बळवंत चौकात मिळतं. शेवटची ओळ होती, 'पानांसकट हिरवा बांबू, संपूर्ण वर्गात मिळून एक.' एरवी गुड मॉर्निंगच्या फुलांनी ओसंडणारा तो ग्रुप या ओळीनंतर मूक झाला. मग आमच्या सौभाग्यवतींनी लिहिलं, 'आमच्याकडून येईल. हा पेठेतच वाढलाय.' ग्रुपला कंठ फुटला आणि माझ्यावर अंगठे कोसळले.

जपानशी माझा संबंध सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानापुरता. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे, एवढं मी पाहुण्यांना सांगू शकतो. तानाबाताबद्दल मात्र तळमजल्यावरच्या मुलीला विचारावं लागलं. पुण्यात दर चार बिल्डिंगांमागे एक जण जपानी शिकत असतो, तशी आमच्याकडे ती.

तिने गोष्ट सांगितली. ओरिहिमे नावाची विणकर राजकन्या, हिकोबोशी नावाचा गुराखी. हे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण हे दोन तारे. लग्न झाल्यावर हिने माग सोडला, त्याने गुरं सोडली. चिडलेल्या बापाने दोघांना आकाशगंगेच्या दोन काठांवर पाठवलं. भेट वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री, तीही पाऊस नसेल तर. त्या दिवशी जपानात लोक रंगीत पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधतात. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, मुली शिवणकाम चांगलं यावं म्हणून मागणं मागायच्या आणि मुलगे अक्षर सुधारावं म्हणून. गोष्ट मूळची चीनची आहे, म्हणजे परक्या संस्कृतीची ओळख तिथेही चालूच होती.

"मग गाई कोण बघतं?" लेकीने विचारलं.

"बापाचं बरोबर आहे," माझी आई म्हणाली. "लग्न झालं म्हणून कामं सोडतात का कोणी?"

शनिवारी दुपारी मी बुरूड आळीत गेलो. सुपं, टोपल्या, शिड्या यांच्या गर्दीत एक वयस्कर दुकानदार बसले होते.

"हिरवा बांबू हवाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "उंची किती होती?"

"कोणाची?"

"बरं, असू दे. दोन लांब देतो, आडव्या कामट्या वेगळ्या."

"मला एकच हवाय. पानांसकट."

"एकात कसं बसवणार, साहेब?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घाईघाईने म्हणालो, "अहो, शाळेसाठी हवाय."

"अरेरे," ते म्हणाले. "शिक्षक होते का?"

पुढे मी काही खुलासा केला नाही. त्यांनी पैसेही कमी घेतले, आणि मडकं कुठे मिळेल तेही न विचारता सांगितलं.

येताना शेजारचा मुलगा स्कूटरवर मागे बांबू धरून बसला होता. लक्ष्मी रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी कोणी कोणाला वाट देत नाही, मला दिली. एका आजोबांनी टोपी काढून नमस्कार केला. बांबूची पानं वाऱ्याने सळसळत होती आणि मागचा मुलगा हसत होता, हे त्यांना अजिबात आवडलं नसावं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन उठून उभा राहिला. सेक्रेटरी खाली आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कधी?" तेवढ्यात वर गॅलरीत तुळशीला पाणी घालणाऱ्या आईने वाकून ओरडून विचारलं, "कोण गेलं रे?"

बांबूला घरात प्रवेश मिळाला नाही. तो पार्किंगमध्ये राहिला.

रविवारी साबुदाणा पोटात ढकलून आम्ही कागदांना बसलो. सेंदाई शहराच्या तानाबातात सात प्रकारच्या शोभेच्या वस्तू लावतात, त्यातल्या चार बाईंनी निवडल्या होत्या: करकोचा, कागदी किमोनो, मासेमारीचं जाळं आणि चक्क कचऱ्याची टोपली. कापून उरलेले कपटे कागदाच्या टोपलीत घालून ती टोपलीही लटकवायची, म्हणजे स्वच्छता आणि काटकसर अंगी येते. हे मला फार आवडलं, कारण आमच्याकडे त्या संध्याकाळी फक्त कपटेच तयार झाले होते.

करकोच्याची आकृती पाहिली. अकिरा योशिझावा या थोर गृहस्थांनी १९५४ साली तुटक रेघा आणि बाण वापरून ओरिगामीची चित्रभाषा रूढ केली. एक रेघ डोंगरघडीची, एक दरीघडीची. माझी मजल होडी, विमान आणि वर्तमानपत्राचा फटाका इथवर. सुरुवातीच्या घड्या ठीक जातात. मग एका चित्रात चौकोन आणि पुढच्या चित्रात पक्षी, आणि मधे एक वाकडा बाण. घोटीव कागदही आपला जिद्दी. दोनदा उलटसुलट दुमडला की घडीवर पांढरा पडतो आणि तिसऱ्यांदा फाटतो. आमचा करकोचा झाला, पण मान आणि शेपटी यांच्यात निवड करायची सोय राहिली नाही.

जाळं मात्र मुलांच्या हातचं आहे. कागदाची लांब घडी घालायची, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून कात्री चालवायची, पलीकडची कड न तोडता. मग दोन्ही टोकं धरून हलके हलके ओढायचं. कागद उलगडत जातो, भोकं रुंदावतात, आणि वीतभर कागद हातभर होतो. लेक श्वास रोखून ओढत होती. गणपतीत आम्ही याच्याच झिरमिळ्या करायचो, तेव्हा मासे पकडायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

किमोनो बायकोने केला, सुबक, गळ्याला सोनेरी पट्टीसुद्धा. तळमजल्यावरची मुलगी तो बघून किंचाळली. "काकू, उजवी बाजू वर घेतलीत! तसा प्रेताला नेसवतात. डावी वर पाहिजे." आईने हातातली जपमाळ थांबवून माझ्याकडे पाहिलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण उद्या पाऊस नको, नाहीतर ओरिहिमेची भेट होणार नाही, म्हणून लेक रडायला लागली. खरं तर जपानातही ७ जुलै ऐन पावसाळ्यात येतो. सेंदाईवाले हुशार, ते हा सण ऑगस्टमध्ये ६ ते ८ तारखेला करतात. शाळेला सेंदाईच्या वस्तू चालल्या, तारीख चालली नाही. मग जपानी मुलं पाऊस थांबावा म्हणून खिडकीत 'तेरू तेरू बोझू' नावाचं बाहुलं टांगतात, तेही केलं. कापसाचा गोळा, त्यावर पांढरा रुमाल, गळ्याशी दोरा, पेनने डोळे.

"आधी बांबू, मग तो किमोनो, आता पांढरं कापड," आई म्हणाली. "आणि गळ्याला दोरी बांधून खिडकीत लटकवलंय. घरात माणसं राहतात की नाही? शिवाय आषाढात पाऊस थांबवतात का? धरण तुमचा बाप भरणार?" बाप मीच असल्याने मी गप्प राहिलो.

रात्री तिने ते बाहुलं सोडवलं आणि लेक रडू नये म्हणून झग्याच्या टोकाला दोरा बांधून परत टांगलं, डोकं खाली. पहाटेपासून जो पाऊस लागला, तो शाळेची व्हॅन येईपर्यंत थांबला नाही. तळमजल्यावरून खुलासा आला, की तेरू तेरू बोझू उलटं टांगलं तर ते पाऊस मागण्यासाठी असतं. आईने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा हात लावू दिला नाही. लहानपणी तिच्या गावी कडुनिंबाचा पाला बांधून 'धोंडी धोंडी पाणी दे' करत दारोदार हिंडायचे; त्यापेक्षा हे सुटसुटीत आहे, एवढंच म्हणाली.

कार्यक्रम शाळेच्या व्हरांड्यात झाला, फोटो निघाले, आणि संध्याकाळी बांबू सगळ्या पट्ट्यांसह मला परत मिळाला. जपानात पूर्वी तो नदीत सोडत. मुठेत सोडायला गेलो असतो तर पुन्हा कोणीतरी टोपी काढली असती, म्हणून सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना दिला.

"ओला का सुका?" त्यांनी विचारलं.

"बांबू ओला. कागद सुका."

"मग सोडवून द्या."

जिन्यात बसून मी गाठी सोडवायला लागलो. 'मला डॉक्टर व्हायचे आहे', 'मला कलेक्टर व्हायचे आहे', सगळ्या पट्ट्या आयांच्या वळणदार अक्षरात. आमच्या लेकीने स्वतः काढलेला पिवळा जेसीबी. एका पट्टीवर नुसता पाव. आणि अगदी खालच्या फांदीला, पार्किंगमध्ये कोणाचं लक्ष नसताना बांधलेली एक पट्टी, आईच्या अक्षरात. एकच शब्द, 'गुडघे'.

मावशींनी हे काय ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि एक कोरी पट्टी मागितली. काय लिहू, म्हटलं. त्यांनाही गुडघेच हवे होते. पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली, आणि मग बांबू काही नेला नाही.