मार्च बँकेचा, मार्च काजूचाही

बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर नोकरी आणि घरी कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, असं कळलं की लोक म्हणतात, "वा, दोन्हीकडून चांगलं आहे तुमचं!" आहे, नाही कशाला म्हणू. पण बँकेचं वर्ष ३१ मार्चला संपवायचं ज्याने ठरवलं, त्याने जन्मात कधी काजू वेचला नसणार.

माझं माहेर गोव्यातल्या सत्तरीतलं, सासर सावईवेऱ्यातलं. माहेरी काजूचा डोंगर. सासरी पोफळी, माड, माडावर चढवलेली मिरी, मधूनमधून केळी आणि जायफळ. मार्चमध्ये तिकडे बोंडू गळायला लागतात, इकडे अंगणात सुपारी वाळत असते आणि शाखेत वसुलीची यादी रोज नव्याने छापली जाते. त्या महिन्यात रजेचा अर्ज करायची कोणाची हिंमत नाही. आई फोनवर विचारते, "यंदा तरी येशील का गं?" हो म्हणायचं मी सोडून दिलंय. मुलं मात्र जातात, बिया भाजून खातात, कपड्यांना बोंडूचे डाग घेऊन येतात. ते डाग कशानेच जात नाहीत, हे सत्तरीतल्या आयांना सांगायला नको.

नोकरी आणि शेती एकत्र कशी सांभाळतेस, असं विचारणाऱ्यांना खरं उत्तर देते. मी सांभाळत नाही. सासरे सांभाळतात, सासूबाई सांभाळतात. नवऱ्याची कंपनीत शिफ्ट असते, सुट्टीच्या दिवशी तो स्प्रिंकलरचे पाइप हलवतो. मी सकाळी पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, फोन करते (पाडेली मिळणं हे आता सरकारी नोकरी मिळण्याइतकंच कठीण झालंय), संध्याकाळी हिशेब लिहिते आणि महिन्याच्या महिन्याला पगार आणते.

पगाराबद्दलच बोलायचं आहे.

घरच्या कुळागराचा हिशेब मी शाखेत येणाऱ्या एखाद्या फाइलसारखा मांडला, तर तो बरा दिसतो. पण सासूबाई तासन्तास सुपारी सोलायला बसतात, त्यांची मजुरी त्यात धरली की नफा आटतो. माकडं आणि शेकरू कोवळे नारळ पाडून टाकतात, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? जून तोंडावर आला की कोळेरोगासाठी (पावसात सुपारी कुजवणारी बुरशी) बोर्डो मिश्रण मारावं लागतं. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. माल महाग नाही, पण पोफळीवर चढणारा माणूस महाग. आणि पाऊस लांबला तर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा तेच.

तरी आमचं चालतं. कारण भाव पडला असेल तर आम्ही सुपारी पोत्यात बांधून ठेवतो आणि थांबतो. आमच्या बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लोक हुशार बागायतदार म्हणतात. हुशार आहेतच, पण त्यांना थांबता येतं ते घरात पगार येतो म्हणून. शेजारच्या वाड्यावरच्या माणसाकडे तेवढीच पोफळ, तेवढंच पाणी. त्याला मुलाच्या फीसाठी सुपारी मिळेल त्या भावाला सोडावी लागते. म्हणून आमच्यासारख्या नोकरदार शेतकऱ्यांनी "शेती परवडते हो, फक्त नियोजन हवं" असं भाषण देणं बंद करावं. आमचं उदाहरण फसवं आहे.

बिनपगारी शेतकऱ्याला थांबायची सोय कोण देणार? माझ्या मते बँकच. आणि त्यासाठी नवीन योजना लागत नाही. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे. ठरलेल्या मर्यादेपर्यंत व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर ३ टक्के सवलत, म्हणजे हातात पडतं ४ टक्क्यांनी. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. परतफेडीची तारीख पीक निघून विकलं जाण्याच्या काळाप्रमाणे ठरवावी, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच आहे. थकबाकीचा नियमसुद्धा शेतीला वेगळा आहे. इतर कर्ज ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं; पीककर्जाला हंगाम मोजतात.

मग मार्चमध्ये शेतकऱ्याला फोन का जातात? नियमामुळे नाही, टार्गेटमुळे. आणि मंजुरीच्या वेळी तारीख टाकणारा माणूस गेल्या वर्षीचीच उतरवून काढतो म्हणून. पोफळीची पाडणी साधारण नोव्हेंबरपासून सुरू होते, सुपारी उन्हात दीड महिना वाळते, मग सोलणी, मग निवड, मग बागायतदार सोसायटीत किंवा व्यापाऱ्याकडे. काजूचा पैसा एप्रिल-मेमध्ये. उचल कधी होते? बोर्डोच्या वेळी, जूनच्या आसपास. म्हणजे जूनमध्ये उचल आणि मेअखेर फेड, वर्षही भरतं आणि सवलतही मिळते. एवढं सरळ आहे. पण एक म्हातारा बागायतदार मार्चमध्ये समोर बसून म्हणाला, "वयनी, मार्चात म्हजेकडे पयशे खंय?" आणि मग तो कोणाकडून तरी एका दिवसापुरते उसने आणतो, भरतो, दुसऱ्या दिवशी खातं नवं करून तेच काढून उसने फेडतो. कागदावर उत्तम वसुली. त्या एका दिवसाचं व्याज मात्र कोणी ४ टक्क्यांनी लावत नाही.

आमच्या बाबांचं म्हणणं, "सुपारी सूर्याने वाळते, तुझ्या मॅनेजरने नाही."

घरची शेती असलेल्या माणसाला कृषी टेबलावर बसवण्याचा फायदा मला इथेच दिसतो. पाडणी कधी, पैसा कधी, हे त्याला परिपत्रकात शोधावं लागत नाही. यात धोका नाही असं नाही. गावातल्या प्रत्येकाला वाटतं आपली फाइल वहिनी पुढे ढकलेल. नातेवाइकांच्या फाइलला मी हात लावत नाही, आमच्या घरचं कर्ज दुसरीकडून आहे. त्यावरून एका लग्नात टोमणेही ऐकलेत. ऐकून घ्यावेत. माहेरच्या बाजूची गोष्ट वेगळीच, तिथे मोकासो-अल्वाराच्या, म्हणजे पोर्तुगीज काळात इनाम-अनुदानाने दिलेल्या, जमिनींमुळे पिढ्यान्‌पिढ्या काजू वेचणाऱ्याचं नावच एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) सापडत नाही. तो विषय एका पोस्टमध्ये मावणार नाही.

अजून एक, बायकांसाठी. आपल्याकडच्या, म्हणजे गोव्याच्या, नागरी कायद्यामुळे जमीन तारण ठेवताना नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. सही करायला त्या येतात, नवरा बोट दाखवेल तिथे करतात आणि बाहेर जाऊन बसतात. मी त्यांना परत बोलावते आणि रक्कम, व्याज, तारीख मोठ्याने वाचून दाखवते. बहुतेक वेळा तारीख चुकीची आहे हे त्याच सांगतात, कारण सुपारी सोलून कधी संपते हे त्यांनाच ठाऊक असतं.

तर यंदा खातं नवं करायला जाल तेव्हा मंजुरीपत्रावरची परतफेडीची तारीख वाचा. मार्च लिहिलं असेल तर विचारा, कुठल्या पिकासाठी? पोफळ-काजूवाल्यांनी मेअखेर मागावी, लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. आणि माझ्या टेबलासारख्या टेबलांवर बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, तारीख टाकण्यापूर्वी समोरच्याला एवढंच विचारा, माल विकता कधी?