पुतळा झाला, पण पुढं काय?

कोल्हापुरात पुन्हा शाहू महाराजांच्या पुतळ्यावरून राडा! उंची किती, तोंड कुठं, कोनशिलेवर आधी नाव कुणाचं! अरे, किती वर्षं हेच? जयंतीचे हार आठवडाभर कठड्यावर कुजतात, खाली माव्याच्या पिचकाऱ्या. तेव्हा कुणाच्या भावना दुखावत नाहीत? शाहू महाराजांनी १९०२ ला मागासांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, राधानगरीचं धरण हाती घेतलं. जातीजातीच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली, वसतिगृहं! आणि त्यांच्याच कोल्हापुरात आपण चौथऱ्याच्या फुटांवरून एकमेकांच्या गचांड्या धरायच्या? डिजिटल फलकांना पैसा निघतो, मग पोरांच्या अभ्यासिकेला का नाही? काढा की त्यासाठी एक मोर्चा, बिंदू चौकातनं!